दाराकडे तोंड

वॉर्डात कुणाला बेडसोर झाला की मी आधी तोंड सोडायची आणि मग चार्ट बघायची. हा क्रम उलटा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. वाशीच्या एका हॉस्पिटलात मी इन्चार्ज सिस्टर होते, वय बत्तीस, आणि नव्या मुली माझ्यामागे मला काय म्हणायच्या तेही मला ठाऊक होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, टाचांखाली पाण्यानं भरलेले हातमोजे ठेवायचे, ओलं राहू द्यायचं नाही. एवढंच तर आहे, मी म्हणायची, याला बुद्धी लागत नाही, लाज लागते. एका मुलीला हे सगळ्यांसमोर ऐकवलं तेव्हा ती ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडली होती. पुढं माझ्याच घरात माझ्या सासऱ्यांच्या खुब्याला जखम झाली, त्या दिवसांत मला ती मुलगी रोज आठवायची.

मी मूळची साताऱ्याकडची. नर्सिंग शिकायला मुंबईत आले, नोकरीला वाशीत लागले आणि लग्न केलं सारसोळ्याच्या एका कोळ्याच्या मुलाशी. माहेरचे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. सासरी बोलत होते, पण मी मासे साफ करायला बसले की सासूबाई मुद्दाम समोर येऊन बसायच्या आणि एक शब्द न बोलता बघत राहायच्या. सासऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली. म्हणायचे चिडवायला, पण गावात कुणाला ताप आला, कुणाच्या पायात काटा मोडला की त्याला घेऊन यायचे आणि “आमची सिस्टर बघंल” म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, गावात वजन होतं. जाळ्याच्या जागेवरून भांडण झालं, लग्नात मानपानावरून कुणी रुसलं, की माणसं त्यांच्याकडे यायची. भोवती नेरुळचे सेक्टर उभे राहत होते, खाडीत मासा कमी होत चालला होता, घरातली मुलं माझ्या नवऱ्यासारखी कंपनीत शिफ्ट करायला लागली होती, तरी बाबांकडे येणारी माणसं काही कमी झाली नव्हती. आल्यागेल्याला चहा, आणि चहाआधी “ये, बस.” हे ‘ये, बस’ ते दारातच म्हणायचे, माणूस उंबऱ्यावर असतानाच.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मे महिन्यात एका सकाळी जाळं दुरुस्त करताना बाबांचा डावा हात मांडीवर पडला तो पुन्हा उचलला गेला नाही. डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पण डोकं लख्ख. तीन आठवडे ते माझ्याच वॉर्डात होते आणि तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावर एक लाल डाग उठू दिला नाही मी. घरी आणलं तेव्हा त्यांची पाठ डॉक्टरांना दाखवून आणली होती. बक्षीस मिळाल्यासारखी मी मिरवत होते.

घरी पुढच्या खोलीत त्यांची खाट लावली. ही खोली नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच घडलं. दार पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. खोली अरुंद. खाट समोरच्या भिंतीला लावलेली, डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. आडवी ठेवली असती तर आतल्या घरात जायची वाट बंद झाली असती. अशा खाटेवर माणूस डाव्या कुशीवर झाला की त्याचं तोंड दाराकडे येतं, उजव्या कुशीवर झाला की भिंतीकडे. बाबांची डावीच बाजू गेलेली. तिथं दुखत नव्हतं, काही टोचत नव्हतं, कुशीखाली काय चाललंय याची खबर त्यांना लागणारच नव्हती. हे मला कळायला हवं होतं. मी पाठीची काळजी करत राहिले, कुशीची केली नाही.

मी सकाळी ड्यूटीला जायची ते पाचच्या पुढं यायची. दिवसभर सासूबाई. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण हात खमका. चादर ताणून कशी घालायची, माणसाला एकटीनं कसं वळवायचं, दोन गुडघ्यांत उशी कशी ठेवायची, पहिल्याच दिवशी शिकल्या. मला आत कुठंतरी वाटलं, आता मी मासे साफ करताना ही बाई माझ्यासमोर येऊन बसणार नाही.

पंधराएक दिवसांनी अंग पुसताना डाव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटानं दाबलं. चांगली कातडी दाबली की पांढरी पडते आणि सोडली की परत लाल होते. हा डाग दाबूनही लालच राहिला. मी स्पिरिट आणि पावडर घेऊन तो चोळला, चांगला पाच मिनिटं चोळला. आम्हाला तसंच शिकवलं होतं. आतून मरत चाललेल्या कातडीला चोळून आपण आणखी मारतो, हे आम्हाला शिकवायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

मग मी सासूबाईंना विचारलं. विचारलं म्हणजे काय, वॉर्डात विचारायची तसंच. दर दोन तासांनी वळवत होता ना तुम्ही?

“मी वलवतंय. यो वलत नाय,” त्या म्हणाल्या. “मानूस आला की परत इकडं तोंड करतो. बांधून ठेवू काय त्याला?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून घरी बसले आणि बघितलं. सकाळी आठपासून माणसं. आजाऱ्याला बघायला जायचं हा आमच्या गावात धर्मच. भाऊकीतली, बाजूच्या आळीतली, दिवाळे-करावे या शेजारच्या गावांतली, कुणी जाळं टाकून येताना हातात दोन बोयटं घेऊन. मी बाबांना उजवीकडे वळवायची, उश्या लावायची, आणि दारात पाऊल वाजलं की ते उजव्या हातानं खाटेची कड धरून स्वतःला ओढायला लागायचे. चेहरा लाल व्हायचा, शिरा फुगायच्या. शेवटी आलेला माणूसच हात लावून त्यांना दाराकडे वळवायचा आणि त्याला वाटायचं आपण सेवा केली. वर राहिलेला उजवा हात उचलून बाबा म्हणायचे, “ये, बस.”

“बाबा, जखम होतेय तिथं,” मी म्हटलं.

“सिस्टर, दारात मानूस आला आनी मी भिंतीकडं तोंड करून पडू? त्यो काय म्हनंल? मी त्याच्याशी काय भांडलोय?”

मी काय काय केलं. खाट भिंतीपासून ओढली आणि पाहुण्यांना पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसवायचं ठरवलं. खोली एवढी अरुंद की गुडघे खाटेला लागायचे. शिवाय आत येणाऱ्याला आधी दिसायची बाबांची पाठ. एक म्हातारी दारातूनच ती पाठ बघून तोंडाला पदर लावून परत गेली आणि तिनं गावभर सांगितलं की बाबा गेले. अर्ध्या तासात अंगणात माणसं जमली. बाबांना त्याचं हसू आलं, मला नाही. मग मी दाराला कागद लावला, भेटायची वेळ पाच ते सहा. सासूबाईंनी तो दुपारच्या आत काढला. “घर हाय, दवाखाना नाय,” एवढंच म्हणाल्या.

खाटेची दिशाच उलटी करावी हे सुचायला मला डाग दिसल्यापासून अठरा दिवस लागले. मी दिवस मोजले आहेत, म्हणून सांगते. वॉर्डात सगळ्या खाटांची डोकी भिंतीकडे असतात, दिशा हा विचारच आमच्या कामात नाही. डोकं उत्तरेला केलं की उजव्या कुशीवर झोपूनही तोंड दाराकडेच येणार. इतकं सोपं. मला हसावं की स्वतःला मारून घ्यावं कळेना. संध्याकाळी घरी येऊन मी चपला काढायच्या आत हे सासूबाईंना सांगितलं.

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. “पाय दक्षिनेला?”

मला खरोखरच लक्षात आलं नव्हतं. माझ्या माहेरीही दक्षिणेकडे पाय करून कुणाला झोपू देत नाहीत. तसं मेलेल्या माणसालाच ठेवतात, हे लहानपणापासून माहीत. पण हॉस्पिटलात दहा वर्षं काढल्यावर ते डोक्यातून पुसलं गेलं होतं.

“जित्या मानसाचं पाय दक्षिनेला करशील?” सासूबाई म्हणाल्या. “माज्या घरात नाय.”

नवरा सेकंड शिफ्टला होता. त्याला फोन करायची सोय नव्हती, आणि असती तरी तो काय बोलला असता ते मला पाठ होतं. “टेन्शन घेऊ नको, बघू आपण.” वाईट माणूस नव्हता तो. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेहमी कंपनीची बस चुकायची भीती वाटायची.

आठवड्यात कातडी फुटली. फोड आला, तो गेला, खाली काळपट कवच, कडेनं पू. बाबांना ताप यायला लागला. मी रोज सकाळी ड्यूटीच्या आधी आणि आल्यावर ड्रेसिंग करायची, मेलेला भाग थोडाथोडा काढायची. त्यांना दुखायचं नाही. ते माझ्याशी गप्पा मारायचे, भरती किती वाजता आहे, आज बाजारात निवटी आली होती का. मी त्यांच्या मांसात कात्री घालतेय आणि ते मला निवट्यांचं कालवण कसं करायचं ते सांगतायत. घरात वास यायला लागला. सासूबाई उदबत्त्या लावायच्या. येणाऱ्या बायका पदर नाकाशी न्यायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. ते बघणं मला सोसेना.

एका रविवारी मी फुटले. स्वयंपाकघरात उभी राहून मी सासूबाईंना म्हणाले, तिकडं मी वीस जणांच्या पाठी सांभाळते आणि इथं माझ्या घरात माझा सासरा सडतोय. सून नर्स आणि सासऱ्याला किडे पडले, असं म्हणतील लोक. मी कुठं तोंड दाखवू? वॉर्डात कुठल्या तोंडानं कुणाला बोलू? आवाज चढलेला होता. मध्ये एक पातळ भिंत. बाबा जागे होते.

आज मी ते वाक्य मनात उलटंसुलटं करून बघते, तेव्हा त्यात बाबा फारसे नाहीतच. लोक आहेत, वॉर्ड आहे, माझं तोंड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंगची ताटली घेऊन गेले तर ते म्हणाले, “सिस्टर, खाट फिरव.”

सासूबाई दारात आल्या. त्या काही बोलायच्या आतच बाबांनी उजवा हात वर केला. “तू गप. माजं पाय हायेत. मी ठेवीन तिकडं.” मग माझ्याकडे बघून जरा हसले. “हिचं नाव खराब नको व्हायला.”

नवरा आणि शेजारचा एक जण, दोघांनी मिळून खाट फिरवली. दोन मिनिटांचं काम. मी बाबांना उजव्या कुशीवर केलं, पाठीमागं उशी, गुडघ्यांत उशी, आणि त्यांचं तोंड दाराकडे आलं. उजवा हात आता अंगाखाली थोडा अडकत होता. पूर्ण उचलता येत नव्हता, तळवा तेवढा हलत होता. मला आनंद झाला होता. जिंकल्याचा आनंद, दुसरा कसला नाही.

त्याच दुपारी त्यांचा होडीचा जोडीदार आला. चाळीस वर्षं दोघांनी एका होडीवर काढलेली, आणि बाबा आजारी पडल्यापासून तो रोज यायचा, बसायचा, गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचा आणि चहा पिऊन जायचा. मी त्या दिवशी उशिराच्या ड्यूटीला जाणार होते, म्हणून घरी होते. तो उंबऱ्यावर आला. बाबा म्हणाले, “ये, बस.” तो बसला नाही. त्यानं खाटेकडे बघितलं, डोकं कुठं आहे बघितलं, पाय कुठं आहेत बघितलं. डोक्यावरची टोपी काढली. पायांकडे गेला, वाकला आणि बाबांच्या दोन्ही पायांवर कपाळ टेकलं.

तो बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. मोठ्यानं धाकट्याच्या पाया पडायची आमच्याकडे एकच वेळ असते.

“अरे, मी हाय अजून,” बाबा म्हणाले. हसायचा प्रयत्न केला त्यांनी. तो रडायला लागला. मी पुढं होऊन सांगितलं, अहो, जखमेसाठी फिरवलीय खाट, डॉक्टरी कारण आहे. त्यानं मान हलवली. मरणाऱ्याच्या घरातली माणसं असंच बोलतात, अशा समजुतीनं त्यानं ती मान हलवली. चहा न घेता गेला.

मग चार दिवस नुसती रीघ. गावातलं कुणी राहिलं नाही. बायका आल्या, पोरांना घेऊन आल्या, पोरांची डोकी त्या पायांवर टेकवली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं ते येऊन माफी मागून गेले. मी प्रत्येकाला समजावत होते, आणि प्रत्येक जण मला समजावत होता. बाबा सगळ्यांकडे तोंड करून पडलेले. पहिल्या दिवशी ‘ये, बस’ म्हणत होते. चौथ्या दिवशी नुसतं बघत होते.

पाचव्या दिवसापासून कुणी आलं नाही. एकदा निरोप घेतला की माणूस पुन्हा त्या दारात कशाला येईल? परत आलं तर ते मरणाची वाट बघितल्यासारखं दिसतं. जोडीदारही नाही आला. दार दिवसभर उघडं, आणि बाबा उजव्या कुशीवर त्याच्याकडे बघत.

जखम मात्र भरायला लागली. काळं सगळं निघून गेलं, तळ लाल झाला, दाणेदार झाला, कडेनं नवी गुलाबी कातडी आत सरकायला लागली. वॉर्डातही इतकी सुंदर भरलेली जखम मी पाहिली नव्हती. वळवायला आता कसलीच अडचण नव्हती. भिंतीकडे केलं तर भिंतीकडे, दाराकडे केलं तर दाराकडे. मी देईन ती अंडी, माशाचं सूप, डाळ, सगळं ते खायचे. खाणं सोडलं असतं तर मला लगेच कळलं असतं, माझं शिक्षणच तसलं. त्यांनी सोडलं ते दुसरंच. भरती किती वाजता हे विचारायचं सोडलं. उजव्या हातानं डावा हात उचलायचा व्यायाम मी घालून दिला होता, तो सोडला. उठवून बसवलं की बसायचे, टेकू काढला की पडायचे. ड्रेसिंग करताना एकदा म्हणाले, “भरतेय ना तुजी जखम?”

“तुमची,” मी म्हटलं.

“हां,” ते म्हणाले.

नवऱ्यानं एकदा विषय काढला. शिफ्टवरून आला, हातपाय धुतले आणि खाटेकडे बघत उभा राहिला. म्हणाला, “परत फिरवूया का? जुन्यासारखी. लोक येतील मग. त्याला बरं वाटेल.” अशा वेळी न बोलणारा माणूस स्वतःहून बोलला होता. जखम तेव्हा नखाएवढी उरली होती. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबू, पूर्ण मिटू दे, आता फिरवली तर सगळं वाया जाईल. तो बरं म्हणाला. मी सांगितलेलं आजाराच्या बाबतीत आता घरात कुणी मोडत नव्हतं.

पंधरा दिवसांनी जखम मिटली. मी दोनदा बोट फिरवून बघितलं. त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत कफ भरला. मी हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं, ते नको म्हणाले, आणि पहिल्यांदाच सासूबाई माझ्या बाजूनं बोलल्या, ने त्याला. पण गाडी यायच्या आत, दुपारी तीनच्या सुमाराला, ते गेले. तोंड दाराकडेच होतं. खाटेची दिशा बदलायची कुणाला गरज पडली नाही.

पुरुषांनी मागच्या पडवीत त्यांना अंघोळ घातली. आम्ही बायका आत. पाणी ओतल्याचा आवाज येत होता, मग थांबला. होडीचा जोडीदार ओल्या हातांनी आतल्या दारापर्यंत आला आणि सासूबाईंना म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वयनी, चार म्हैने मानूस पडून होता, पन अंगावर एक जखम नाय. मी पाठीपोटाला हात फिरवून बघितला. अशी सून लागते.”

बायकांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं, आणि मान हलवली. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी मला तसं कधी कबूल केलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं की याच माणसानं टोपी काढली त्या दुपारपासून बाबा हळूहळू बोलायचे थांबले, आणि खाट मी फिरवायला लावली ती माझ्या नावासाठी. नवरा पंधरा दिवसांपूर्वी काय म्हणाला होता तेही सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ती शाबासकी ऐकत उभी राहिले. ऐकायला बरं वाटत होतं.